एचडी 86081 ऊर्फ बिभा

"हे सर्टिफिकेट दुसऱ्या कुणाचं तरी आहे," खिडकीपलीकडचा माणूस म्हणाला.

"माझंच आहे," आई म्हणाली.

"मॅडम, यावर शैला आहे. आधार कार्डावर रोहिणी. मधलं नाव वेगळं, आडनाव वेगळं. निदान एक तरी शब्द जुळायला नको का?"

त्याचं बरोबर होतं. एकही शब्द जुळत नव्हता.

2023 चा जुलै महिना होता. आई साठ वर्षांची झाली होती आणि तिला एम.एस्सी. करायचं होतं. 1984 साली ती फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाली, पहिल्या वर्गात. पुढच्याच वर्षी मे महिन्यात लग्न. मग आजी-आजोबांचं दुखणंखुपणं, दादा, मी आणि आमच्या गल्लीतल्या दहावी-बारावीच्या पोरांच्या शिकवण्या. सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी पाच ते सात, हॉलमधल्या सतरंजीवर. बाबा गेले त्यानंतर वर्षभर तिने शिकवण्याही बंद ठेवल्या. मग एक दिवस भाजी निवडता निवडता मला म्हणाली, "घरी बसून एम.एस्सी. करता येतं का गं?" फिजिक्सला प्रॅक्टिकल लागतात, म्हणून तिने गणित निवडलं. ऑनलाइन फॉर्म मी भरला. कागदपत्रांच्या पडताळणीला मात्र स्वतः जावं लागणार होतं.

खिडकीतला माणूस उद्धट नव्हता. त्याने आम्हाला नीट समजावून सांगितलं. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत याचा पुरावा हवा. मॅरेज सर्टिफिकेट चालेल, नाहीतर गॅझेट. आईबाबांचं लग्न 1985 साली गावातल्या शाळेच्या पटांगणात झालेलं. ते नोंदवायचं असतं हेच कुणाला माहीत नव्हतं. पुढे कधी गरजही पडली नाही, कारण आईने कुठे नोकरीच केली नाही. रेशन कार्ड, मतदार यादी, पॅन, आधार हे सगळं लग्नानंतरचं, म्हणून सगळ्यावर रोहिणी. शैला फक्त शाळा-कॉलेजच्या कागदांवर उरली होती.

आम्ही बाहेर येऊन बाकावर बसलो. आईने सर्टिफिकेट पुन्हा प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सरकवलं, बाटलीतलं पाणी प्यायली आणि समोर बघत बसली. अशा वेळी काय बोलायचं ते मला सुचत नाही. मी सगळे करतात तेच केलं. फोन काढला.

*

जुन्या लग्नांचे अल्बम बघितलेत तर त्यात एक फोटो हमखास सापडेल. ताटात तांदूळ पसरलेले आहेत, नवरा सोन्याच्या अंगठीने त्यात काहीतरी लिहितोय आणि आजूबाजूच्या बायका वाकून बघतायत. तो बायकोचं नवं नाव लिहीत असतो. आता पुष्कळ घरांत हे होत नाही, किंवा जुनंच नाव लिहून हौस भागवतात. आईच्या वेळी तसा प्रश्नच नव्हता. नाव आधीच ठरलं होतं. बाबांचं नाव चंद्रकांत. चंद्राच्या सत्तावीस बायका म्हणजे सत्तावीस नक्षत्रं आणि त्यातली त्याची लाडकी रोहिणी. आजोबांना ही जोडी फार पसंत पडली होती. लहानपणी मलाही ती गोष्ट आवडायची. आईला कधी कुणी विचारलं होतं का, हे मात्र माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आपल्याकडे बाईला ताऱ्याचं नाव देणं नवीन नाही. रोहिणी, अश्विनी, कृत्तिका, चित्रा, स्वाती, अनुराधा, रेवती. माझ्या शाळेच्या वर्गात अर्धं पंचांग बसलेलं असायचं. याच्या उलट काही असतं, म्हणजे ताऱ्याला बाईचं नाव, हे मी त्या दिवशी त्या बाकावर पहिल्यांदा वाचलं.

मी खगोलशास्त्राची दोन-तीन पानं फॉलो करते. त्यातल्या एकावर पोस्ट होती की बिभा नावाचा एक तारा आहे आणि त्याच्याभोवती संतमस नावाचा ग्रह फिरतो. दोन्ही नावं भारताने दिलेली. 2019 साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाला शंभर वर्षं झाली, तेव्हा त्यांनी शंभराहून अधिक देशांना प्रत्येकी एक तारा आणि त्याचा एक ग्रह नाव ठेवण्यासाठी दिला. भारताच्या वाट्याला आला एचडी 86081. लोकांकडून नावं मागवली, मतदान झालं आणि डिसेंबरमध्ये निकाल लागला. ताऱ्याला बिभा चौधुरी या भौतिकशास्त्रज्ञ बाईंचं नाव. ग्रहाचं नाव सुचवलं पुण्यातल्या एका तेरा वर्षांच्या शाळकरी मुलाने. संतमस हा संस्कृत शब्द. संघाने त्याचा अर्थ ढगाळलेला असा दिला आहे. अमरकोशात अंधाराचे प्रकार आहेत. दाट तो अंधतमस, विरळ तो अवतमस आणि चहूबाजूंनी पसरलेला तो संतमस.

मी आईला वाचून दाखवलं.

"बंगालीत व चा ब होतो," ती म्हणाली. "म्हणजे आपली विभाच. विभा म्हणजे प्रकाश." मग थोडं थांबून, "आधीचं नाव काय म्हणालीस?"

"एचडी 86081."

"मग त्याला नाही लागलं गॅझेट?"

त्या दिवसात ती पहिल्यांदा हसली.

*

पुढचे काही दिवस मी बिभा चौधुरींबद्दल मिळेल ते वाचत होते. दिवसा गॅझेटची वेबसाइट आणि रात्री बिभा.

जन्म 1913, कोलकाता. 1936 मध्ये कलकत्ता विद्यापीठातून फिजिक्सची एम.एस्सी., त्या वर्षी वर्गात त्या एकट्याच मुलगी. मग देबेंद्र मोहन बोस यांच्यासोबत वैश्विक किरणांवर काम. अवकाशातून सतत येत असलेले हे कण वातावरणावर आदळतात आणि त्यातून आणखी कणांचा सडा पडतो. ते पकडायला आजच्यासारखी यंत्रं नव्हती. या दोघांची युक्ती साधी होती. फोटोच्या काचा घ्यायच्या, दार्जिलिंग, संदकफू अशा उंच ठिकाणी नेऊन महिनोन् महिने ठेवायच्या आणि परत आणून धुवायच्या. कण ज्या वाटेने गेला तिथे सूक्ष्मदर्शकाखाली बारीक ठिपक्यांची रेघ दिसते. ती रेघ किती वाकडी, किती दाट यावरून कणाचं वस्तुमान काढायचं. 1940 ते 1942 या काळात त्यांचे निबंध 'नेचर'मध्ये आले. त्यात एका कणाचं वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या साधारण दोनशेपट निघालं होतं.

याहून चांगलं मोजायला जास्त संवेदनशील काचा हव्या होत्या. महायुद्ध सुरू होतं, भारतात त्या मिळेनात. काम तिथेच थांबलं. युद्ध संपल्यावर ब्रिस्टलमध्ये सेसिल पॉवेल यांच्या गटाने याच पद्धतीने, पण सुधारलेल्या काचा वापरून 1947 मध्ये पायॉन हा कण शोधला. 1950 चं नोबेल पॉवेल यांना मिळालं. बोस आणि चौधुरी यांनी ही पद्धत आधी वापरली होती, हे पॉवेल यांनी पुढे आपल्या पुस्तकात नोंदवलं.

तोवर बिभा मँचेस्टरला गेल्या होत्या, पॅट्रिक ब्लॅकेट यांच्याकडे पीएच.डी. करायला. परत आल्या तेव्हा होमी भाभांनी त्यांना मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घेतलं. तिथल्या त्या पहिल्या स्त्री संशोधक. संस्था तेव्हा कुलाब्याच्या टोकाला नव्हती, गेटवे ऑफ इंडियाजवळ यॉट क्लबच्या जुन्या इमारतीत होती. गेटवेला मी कितीतरी वेळा गेलेय, कबुतरांसोबत सेल्फी काढलेत, पण त्या इमारतीकडे मान वर करून पाहिल्याचं आठवत नाही. पुढे अहमदाबाद, कोलारच्या सोन्याच्या खाणीत खोलवर केलेले प्रयोग, मग पुन्हा कोलकाता. 1991 मध्ये त्या गेल्या. शेवटपर्यंत काम करत होत्या. देशातल्या कुठल्याही मोठ्या विज्ञान अकादमीने त्यांना फेलो केलं नाही. मोठा सन्मान नाही. तारा मिळाला तोही जाऊन अठ्ठावीस वर्षं झाल्यावर.

एका तपशिलाने मी अडखळले. 'नेचर'मधल्या त्या निबंधांवर त्यांच्या आडनावाचं स्पेलिंग आज लिहितात त्यापेक्षा वेगळं आहे. म्हणजे शोधणाऱ्याला आधी ठरवावं लागतं की ही बाई आणि ती बाई एकच.

ताऱ्याच्या जुन्या नावाची गोष्टही कमी नाही. एचडी म्हणजे हेन्री ड्रेपर, अमेरिकेतला एक डॉक्टर, ज्याला ताऱ्यांचे फोटो काढायचा नाद होता. तो 1882 मध्ये गेला. त्याच्या पत्नीने, ॲना ड्रेपर यांनी, हार्वर्ड वेधशाळेला पैसे दिले आणि त्यातून ताऱ्यांची प्रचंड यादी तयार झाली. सव्वादोन लाख ताऱ्यांचं वर्गीकरण, आणि ते जवळजवळ सगळं ॲनी जंप कॅनन या एका बाईने केलेलं, तेही काचेवरच्या फोटोंकडे भिंगातून बघून. यादी 1918 ते 1924 या वर्षांत छापली गेली. पैसे एका बाईचे, डोळे दुसऱ्या बाईचे आणि नाव हेन्री ड्रेपरचं.

*

बिभा हा धातुसमृद्ध तारा आहे, असं सगळीकडे लिहिलेलं होतं. मला वाटलं, तिथे सोनं-चांदी असेल. आईला विचारलं.

ती भात लावत होती. "थांब," म्हणाली. थोड्या वेळाने भाताचं मीठ घातलेलं पाणी उतू गेलं आणि गॅसची निळी ज्योत क्षणभर पिवळी झाली. तुम्हीही हे शंभरदा पाहिलं असेल.

"हा पिवळा कुणाचा?"

"मिठाचा?"

"मिठातल्या सोडियमचा. प्रत्येक मूलद्रव्याचे ठरलेले रंग असतात. तापलं की तेच रंग फेकतं. आणि मागून पांढरा उजेड आला तर तेच रंग गिळतं. ताऱ्याचा उजेड लोलकातून काढला की इंद्रधनुष्यात काळ्या रेषा दिसतात. जी रेष नाही, ती कुणी गिळली ते शोधायचं. सोडियमच्या दोन असतात, जवळजवळ. पाचशे एकोणनव्वद." चाळीस वर्षांपूर्वी कॉलेजच्या अंधाऱ्या खोलीत सोडियमच्या दिव्यासमोर घेतलेलं रीडिंग तिला तोंडपाठ होतं. 589 नॅनोमीटर.

पुढचं मी वाचून तिला सांगितलं. खगोलशास्त्रज्ञांची धातूची व्याख्या अजब आहे. हायड्रोजन आणि हेलियम सोडून जे जे काही आहे ते सगळं धातू. ऑक्सिजन धातू, कार्बन धातू. आपलं रसायनशास्त्राचं पुस्तक ऐकून बेशुद्ध पडेल. पण त्यामागे कारण आहे. विश्वाच्या सुरुवातीला जवळपास हायड्रोजन आणि हेलियमच होतं. बाकीचं बहुतेक सगळं नंतर ताऱ्यांच्या पोटात आणि त्यांच्या मरणातून तयार झालं. सूर्यातही या बाकीच्यांचा वाटा वजनाने जेमतेम दीड-दोन टक्के. बिभामध्ये लोखंडाचं प्रमाण सूर्याच्या जवळजवळ पावणेदोनपट आहे. म्हणजे ज्या ढगातून हा तारा जन्मला त्या ढगात आधीच्या पिढ्यांतल्या ताऱ्यांची राख जास्त होती.

"म्हणजे माहेरून भरपूर घेऊन आलेली," आई म्हणाली.

आणि हे जे घेऊन आलेलं असतं त्यावरच ग्रह ठरतात. 1997 च्या सुमारास लक्षात येऊ लागलं होतं की ज्या ताऱ्यांभोवती मोठे ग्रह सापडतायत ते बहुतेक धातूंनी श्रीमंत आहेत. 2005 मध्ये डेब्रा फिशर आणि जेफ व्हॅलेंटी यांनी शेकडो ताऱ्यांवरून हिशोब मांडला. सूर्याएवढे धातू असलेल्या शंभर ताऱ्यांपैकी साधारण तिघांपाशी गुरूसारखा मोठा ग्रह सापडतो. धातू दुप्पट असतील तर शंभरातल्या पंचविसांपाशी. कारण असं असावं. नवजात ताऱ्याभोवती वायू आणि धुळीची चकती असते. त्यातल्या घन कणांचा आधी पृथ्वीच्या दहापट वगैरे वजनाचा गोळा व्हावा लागतो, मग तो वायू ओढून घेतो. पण वायू काही दशलक्ष वर्षांत उडून जातो. माल जास्त असेल तर गोळा वेळेत तयार होतो. नसेल तर गोळा होईपर्यंत वायूच उरत नाही.

हे कळल्यावर काही शास्त्रज्ञांनी उलटा विचार केला. ग्रह शोधायचेत ना, मग धातू जास्त असलेले तारेच निवडून तपासू. त्या मोहिमेत 2006 साली एचडी 86081 चा ग्रह सापडला. तो ग्रह कुणाला दिसला नाही, आजही दिसत नाही. दिसलं ते ताऱ्याचं हलणं. ग्रह ताऱ्याला ओढतो, तारा किंचित मागेपुढे झुलतो आणि त्या काळ्या रेषा निळ्याकडे, मग तांबड्याकडे सरकतात. तो झोका सेकंदाला साधारण दोनशे मीटरचा, म्हणजे विमानाच्या वेगाएवढा. सव्वादोन दिवसांपेक्षाही थोडं कमी, एक्कावन्न तासांत एक फेरी. ग्रह निदान गुरूच्या दीडपट वजनाचा, पण आपला बुध सूर्यापासून जेवढा लांब त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या अंतरावर. तापमान हजार अंशांच्या वर. इतक्या जवळ तो जन्मला नसावा. लांब कुठेतरी तयार होऊन आत सरकत आला असावा.

"एक्कावन्न तासांचं वर्ष," आई म्हणाली. "आपल्या एका वर्षात तिथे एकशे सत्तर झाली." तिने हे तोंडी केलं. मी तोवर फोनवर कॅल्क्युलेटर उघडत होते.

*

इथवर सगळं छान चाललं होतं. मग मी एक चूक केली.

एका रात्री आईच्या बी.एस्सी.च्या सर्टिफिकेटचा फोटो काढून मी इन्स्टाग्रामवर टाकला. नाव झाकलं नाही. खाली लांबलचक लिहिलं. फिजिक्सची हुशार मुलगी, पहिला वर्ग, लग्नाने हिरावलेलं नाव, सतरंजीवर संपलेलं करिअर, विस्मृतीत गेलेली बिभा चौधुरी आणि शेवटी, माझी आई, आमच्या घरातली बिभा. दोन दिवसांत मला आयुष्यात पडले नव्हते एवढे लाइक पडले. अनोळखी मुलींनी लिहिलं, वाचून रडू आलं. मलाही लिहिताना आलं होतं.

तिसऱ्या दिवशी मावशीच्या सुनेने ते आईला दाखवलं.

आई ओरडत नाही. ती भांडी जरा जोरात ठेवते. रात्री जेवण झाल्यावर म्हणाली, "मला विचारलंस?"

"अगं, पण मी चांगलंच लिहिलंय."

"चांगलंच लिहिलंयस. आजोबांनीही चांगलंच ठेवलं होतं नाव. रोहिणी काय वाईट आहे?" मग म्हणाली, "तेव्हा त्यांनी मला रोहिणी केलं. आता तू बिभा करतेस. दोघांनीही विचारलं नाही. आणि संपलेलं करिअर म्हणजे काय गं? अडतीस वर्षांत चारशेच्या वर पोरं शिकवली मी. त्यातली सहा फिजिक्सला गेली. ते काय होतं मग?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी पोस्ट काढून टाकली.

त्या रात्री मला बिभा चौधुरींचंही वाईट वाटलं, वेगळ्या कारणाने. मी त्यांना दोन आठवडे वाचत होते ते एका दुर्लक्षित बाईची गोष्ट म्हणून. दुर्लक्ष झालं हे खरंच आहे आणि ते सांगायलाच हवं. पण त्या स्वतः रोज सकाळी उठून दुर्लक्षित होण्याचं काम करत नव्हत्या. त्या सूक्ष्मदर्शकाखाली ठिपके मोजत होत्या. मँचेस्टरमध्ये कणांच्या सरी, कोलारच्या खाणीत जमिनीखाली पोचणारे कण. मला त्यांच्या न मिळालेल्या पुरस्कारांची यादी पाठ झाली होती आणि थीसिस कशावर होता हे पुन्हा बघावं लागलं. ताऱ्याला नाव देणाऱ्यांनी निदान एवढं केलं की ते वाचून कुणीतरी त्यांचं काम शोधत जाईल. मी मात्र आईला नाव देऊन तिचं काम पुसलं होतं.

*

प्रतिज्ञापत्र करायला कोर्टाजवळच्या टायपिंगच्या दुकानात गेलो. टाइप करणाऱ्या दादांनी विचारलं, "लग्नाची पत्रिका आहे का, काकू?" होती. मावशीने जपून ठेवलेली, कडा पिवळ्या पडलेल्या. चि. सौ. कां. शैला. पत्रिकेत नाव जुनंच असतं हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. बदल त्यानंतर काही तासांनी तांदळात होतो.

दादांनी ठरलेला मजकूर टाइप केला. शैला अमुक अमुक आणि रोहिणी तमुक तमुक ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असून ती व्यक्ती मीच आहे. सही करताना आई थबकली. "कुठल्या नावाने करू?" दादा म्हणाले, "दोन्ही करा काकू, मध्ये ऊर्फ लिहा."

गॅझेट व्हायला वेळ लागला, पण प्रवेशाची मुदत वाढली होती, त्यात बसलो. विद्यापीठाच्या फॉर्ममध्ये एक रकाना होता. पदवी प्रमाणपत्रावर कोणतं नाव हवं? मी गृहीत धरलं होतं की ती शैला लिहील. मनातल्या मनात मी त्या क्षणाचा फोटोही काढून ठेवला होता. तिने रोहिणी लिहिलं.

"चारशे पोरांना मी रोहिणीबाईच माहितीये," ती म्हणाली. "शैला म्हणणारी आता दोन माणसं उरलीत. त्यांना सर्टिफिकेट लागत नाही."

पहिल्या सेमिस्टरला तिचा एक विषय राहिला. रिअल ॲनालिसिस. तिने निकाल दोनदा वाचला, फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "एप्सिलॉन-डेल्टा मला तेव्हाही जमत नव्हतं." दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला तिच्या खोलीत दिवा होता.

2024 च्या महाशिवरात्रीला आम्ही तिच्या माहेरी गेलो, सातारा जिल्ह्यातल्या तिच्या गावी. अमावास्येला दोन दिवस राहिलेले, चंद्र पहाटेपर्यंत नाही. मी एका मित्राची दुर्बीण मागून आणली होती. बिभा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, साध्या दुर्बिणीतून मात्र अंधाऱ्या जागी दिसू शकतो. साबुदाण्याची खिचडी खाऊन रात्री साडेदहाला आम्ही मामाच्या गच्चीवर चढलो.

आधी मघा नक्षत्राचा ठळक तारा शोधला. त्याच्या खाली दक्षिणेकडे अल्फार्ड नावाचा एकुलता एक तांबूस तारा. बिभा या दोघांच्या मधल्या रिकाम्या दिसणाऱ्या पट्ट्यात, अल्फार्डच्या बाजूला. त्या पट्ट्याला सेक्स्टन्स म्हणतात. योहानेस हेव्हेलियस या खगोलशास्त्रज्ञाची वेधशाळा 1679 साली आगीत जळाली, त्यात त्याचं ताऱ्यांची अंतरं मोजायचं लाडकं यंत्र गेलं. त्याच्या आठवणीत त्याने या मंद ताऱ्यांना त्या यंत्राचं नाव दिलं आणि 1690 मध्ये ते छापलं गेलं. बिभा साधारण 340 प्रकाशवर्षं दूर आहे. आकाशगंगेच्या लाखभर प्रकाशवर्षांच्या पसाऱ्यात हे शेजारच्या गल्लीएवढं. आज जो उजेड आपल्या डोळ्यांत येतो तो संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत तिथून निघाला. तेव्हा त्याला ना आकडा होता, ना नाव. त्यातल्या लोखंडाच्या रेषा मात्र तेव्हाही होत्या.

हे मी आईला सांगत होते आणि ती दुर्बीण लावून म्हणत होती, "हात हलतोय माझा, तू जरा गप्प बस."

मग तिने कोपर कठड्यावर टेकवलं. बराच वेळ बघत राहिली.

"तीन-चार बारीक ठिपके आहेत. त्यातला कुठला?"

मी फोनवरच्या नकाशाशी ताडून पाहिलं. मलाही नक्की सांगता येईना. "बहुतेक डावीकडचा."

"बहुतेक नको. नीट बघ आणि सांग. कोन मोज."

आम्ही पुन्हा मघापासून सुरुवात केली. पश्चिमेला झाडांच्या वर रोहिणी लालसर चमकत होती, तिला शोधायला काहीच लागत नव्हतं. खालून मावशीने हाक मारली, "शैले, गार वारा सुटलाय, ये आता खाली."

"आले गं," आईने दुर्बिणीतून डोळे न काढता उत्तर दिलं. आणि मला म्हणाली, "अल्फार्डपासून किती अंश म्हणालीस?"